उखर्डूच्या ताटातला पहिला घास

धुळ्याच्या डॉक्टरने भिकुबाईचं पोट दाबून पाहिलं, पुन्हा एकदा दाबून पाहिलं, हात धुतले आणि खुर्चीत जाऊन बसला. भिकुबाईसोबत तिचा पुतण्या लोटन आला होता. तो भिंतीला टेकून टोपी पिळत उभा होता. डॉक्टर त्याच्याकडेच बघून म्हणाला, "गाठ फार पसरली आहे. आता कापण्यात अर्थ नाही. घरात काही निरवानिरव करायची असेल तर करून घ्या."

लोटनचा चेहरा पडला. भिकुबाईने मात्र पदर सारखा केला आणि टेबलाजवळ सरकली.

"डाक्टर, मना पोऱ्या मना बिगर खास नही. त्याले काही औशद शे का?"

आपल्याशिवाय जेवत नाही असं पोर म्हणजे, डॉक्टरला वाटलं, म्हातारीचा नातू असेल. त्याने विचारलं, "केवढा आहे मुलगा?"

"माझ्यापेक्षा मोठा आहे, साहेब," लोटन म्हणाला.

डॉक्टरने लोटनच्या मिशांकडे पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. असल्या दुखण्याला त्याच्याकडे औषध नव्हतं. दुनियेत कुणाकडेच नसतं, पण विचारून बघायला काय जातं, असं भिकुबाईला वाटलं होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि अमळनेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. लोटनला वाटलं, मरणाच्या भीतीने बोलत नसेल. मरणाची भीती तिला नव्हती असं नाही, पण मरण रांगेत मागे उभं होतं. पुढे उखर्डू होता.

बोरी नदीच्या काठी, अमळनेर आणि पारोळ्याच्या मधे त्यांचं गाव. भिकुबाईची पहिली दोन लेकरं हाती लागली नव्हती. म्हणून तिसरा झाला तेव्हा सुइणीने त्याला उकिरड्यावर लोळवून घरात आणलं आणि उखर्डू नाव ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडे काळ ढुंकून बघणार नाही, अशी समजूत. काळाने खरंच पाहिलं नाही. पोर वाढलं, दांडगं झालं, नांगराच्या बैलासारखा खांदा झाला, पण डोकं तीन वर्षांच्या लेकराएवढंच राहिलं. दाढी यायची, ती न्हावी करायचा, आणि तो करीत असताना भिकुबाईने हात धरून बसावं लागायचं. स्वभावाने मात्र इतका गरीब की कोंबडीही त्याच्या ताटातून दाणा उचलून न्यायची आणि हा हसायचा.

गावाला सल्ले द्यायला पैसे पडत नाहीत. कुणी म्हणालं, मठात सोडून ये. कुणी म्हणालं, गरिबाघरची पोर बघून लग्न लावून दे, ती सांभाळेल. भिकुबाई त्यांच्यावर अशी उखडली की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. "मना पोऱ्यासाठी दुसरानी आंडेर हिरमा ढकलू?" आंडेर म्हणजे मुलगी, आणि हिर म्हणजे विहीर. गरिबाची असली म्हणून लेक ती लेकच, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार!

ती डोळे मिटून बसणारी बाई नव्हती. नवरा गेल्यावर तिने हळूहळू उखर्डूला कितीतरी शिकवलं होतं. चड्डीची नाडी बांधायला येत नव्हती, तिने नाडी काढून तिथे रबर ओवलं आणि गाठच ठेवली नाही. विहिरीच्या कडेला जायचं नाही, हे कळावं म्हणून तिथे काटेरी फांदी पुरून ठेवली आणि एकदा त्याचं बोट टोचू दिलं. मग दिवसभर स्वतःच रडली. अंगावर पाणी घ्यायला, बैलांना चारा टाकायला, सांजेला आपल्या ओट्यावर परत यायला, सगळं शिकवलं. जमिनीचं लोटनशी बोलून झालं होतं. लोटन पोटच्या पोरासारखा होता, त्याचं घर अंगणापलीकडेच होतं. "मोठी माय, जठलोंग मी शे, तठलोंग भाऊ उपाशी झोपाव नही," असं त्याने तिच्या पायावर हात ठेवून सांगितलं होतं, आणि लोटन शब्दाचा पक्का होता.

पण ताट वाढलं म्हणजे माणूस जेवतोच असं नाही. सगळं अडलं होतं ते इथेच.

आणि ही अडचण भिकुबाईने आपल्याच हाताने करून ठेवली होती. तिचं दुसरं लेकरू कुणाच्या तरी घरी गोड खाऊन आलं आणि उलट्या होऊन गेलं. गाव म्हणालं, कुणीतरी काहीतरी खाऊ घातलं. खरं खोटं देव जाणे. पण उखर्डू झाला तेव्हापासून भिकुबाईने नेम धरला की याच्या तोंडात जे जाईल त्यातला पहिला घास आपला. विष असेल तर आपल्याला, नजर असेल तर आपल्याला. त्याच्या ताटातला तुकडा मोडायचा, चावायचा, गिळायचा, मग तोंड उघडून "आऽऽ" करून त्याला दाखवायचं, आणि मग त्याने खायचं. लहानपणी लोकांना कौतुक वाटायचं. पोर मोठं झालं तरी हे सुटलं नाही, कारण त्याला अन्न म्हणजे काय ते असंच कळलं होतं. मायने खाल्लं तर ते खायचं. मायने खाल्लं नाही तर त्याच्या लेखी ती भाकर नव्हतीच. जीव वाचवायला घातलेली सवय आता जिवावर उठली होती.

धुळ्याहून आल्यावर तिने एकदा करून पाहिलं. पारोळ्याला तिची थोरली बहीण ताईबाई राहायची. तिच्याकडे ती जाऊन राहिली, म्हटलं भूक लागली की खाईल. भूक कुणाला चुकली आहे! पण लोटन सायकल हाणत पारोळ्याला आला आणि गावात काय चाललं आहे ते त्याने सांगितलं. उखर्डू एसटी थांबते त्या पारावर जाऊन बसला होता. पुढ्यात ताट होतं, ताटाला मुंग्या लागल्या होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीपुढे तो ताट उचलून धरीत होता. भिकुबाई परत आली. तिने त्याच ओट्यावर बसून भाकरीचा तुकडा मोडला, आऽऽ केलं, आणि तो अधाशासारखा तुटून पडला. त्या दिवशी तिने स्वतःला जितक्या शिव्या दिल्या तितक्या जन्मात कुणाला दिल्या नसतील.

आता एकच माणूस उरलं होतं. लोटनची बायको, पुष्पाबाई. चुलीशी तीच असायची, ताट तीच वाढणार. पण उखर्डू लोटनहून मोठा, म्हणजे पुष्पाबाईचा जेठ. जेठासमोर सुनेने डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं ताट सरकवून बाजूला व्हायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून उखर्डूने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आता सांगा, ज्याला पदर कोणता आणि गोधडी कोणती हे कळत नाही, त्याच्यापुढे कसली मर्यादा! पण मर्यादा जेठासाठी नसते, बघणाऱ्या डोळ्यांसाठी असते, आणि गावात डोळ्यांना तोटा नव्हता.

भिकुबाईने तिला सरळच विचारलं. पुष्पाबाई दळण निवडत होती, तिचे हात थांबले.

"मोठी माय, त्या मना जेठ शेतस. त्यासना ताटमाईन मी कशी खाऊ? लोके काय म्हनतीन?"

"लोके मरू दे. तू काय म्हनस?"

पुष्पाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराआड नेलं. ती वाईट नव्हती. भिकुबाईला तिचा राग आला नाही, कारण ती स्वतः सून होती तेव्हा तीही जेठाची सावली चुकवून चालायची. एकाच ताटात खाणं म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. ती उठून आली. पण हरली मात्र नाही.

श्रावण लागला. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवीला पाटावर बसवतात, आणि तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळीसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू सुपात घेतात. त्या गव्हाचा रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही आणि वाया तर मुळीच घालवायचा नाही. ज्याची मूठ त्या सुपात पडली, त्याने तो खाल्लाच पाहिजे. चुली वेगळ्या झाल्यापासून भिकुबाईचं सूप वेगळं होतं, आणि त्यात मूठ पडायची ती एकट्या उखर्डूची.

यंदा ती गहू ओच्यात घेऊन अंगण ओलांडून गेली.

"पुष्पा, उखर्डूनी मूठ यंदा तुना सूपमा घे. मनाकडथाईन आते रोट व्हस नही."

पुष्पाबाईने सूप पुढे केलं. म्हातारीचं पोट दुखतं, हे तिला माहीत होतं. आनंदाने घेतली तिने ती मूठ, लोटनच्या आणि आपल्या पोरांच्या मुठींशेजारी. म्हातारी किती खोल पाण्यात आहे, हे तिला कुठून कळणार!

रविवारी कानबाई बसली. भिकुबाईने अंगणातूनच हात जोडले, पोटात कळ येते म्हणून सांगितलं, घरात गेली आणि आतून कडी लावली. कळ येत होती, तेवढं काही खोटं नव्हतं. मग ती दाराच्या फटीला डोळा लावून बसली.

लोटनच्या ओट्यावर उखर्डूला पाट मांडला होता. ताटात रोट, तांदळाची खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. पुष्पाबाईने ताट सरकवलं आणि ती बाजूला झाली. उखर्डूने ताटाकडे पाहिलं, मग अंगणापलीकडच्या बंद दाराकडे. ताट उचललं आणि चालत आला.

"माय. तू."

भिकुबाई हलली नाही.

"माय. तू खाय."

त्याने दारावर हाताने थापटलं, जोरात नाही, तो जोरात काही करायचाच नाही. मग उंबऱ्यापाशी बसला आणि ताट दाराशी टेकवून धरलं. फटीतून खिरीचा वास आत येत होता. तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, कारण तिला हुंदका फुटला असता तर सगळं वाया गेलं असतं. तिची दोन लेकरं गेली तेव्हा ती रडली होती, नवरा गेला तेव्हाही रडली होती. पण कडी आपल्या हाताशी असताना ती काढायची नाही, यासारखं काही तिने आजवर केलं नव्हतं.

ऊन कलू लागलं. कानबाई बघायला बाया येत होत्या, जात होत्या, उंबऱ्यावर बसलेल्या उखर्डूकडे बघून चुकचुकत होत्या. लोटन दोनदा येऊन समजूत घालून गेला. त्याने स्वतः तुकडा खाऊनही दाखवला, पण गड्याचा घास उखर्डूला घास वाटला नाही. शेजारची म्हातारी मोठ्याने म्हणाली, "देवीना रोट तसाच पडेल शे व माय! हाई काही चांगलं नही."

तेव्हा पुष्पाबाई घरातून बाहेर आली. एकदा आत कानबाईकडे वळून पाहिलं. अंगण ओलांडून आली, उखर्डूसमोर मातीतच मांडी घालून बसली आणि डोईवरचा पदर केसांपर्यंत मागे सारला. साऱ्या बायांदेखत.

उखर्डू बघतच राहिला. इतकी वर्षं जे लुगडं घरातून हिंडत होतं त्याला तोंड होतं, कपाळावर कुंकू होतं. त्याला हसू आलं.

पुष्पाबाईने रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, तोंडात घातला. तिने चावला, गिळला आणि मान वर करून तोंड उघडलं.

"आऽऽ."

उखर्डूने वाकून आत पाहिलं. नीट पाहिलं. मग ताट आपल्याकडे ओढलं आणि खायला लागला.

कुणीतरी तोंडाला पदर लावला, कुणीतरी "अवो माय!" म्हणालं. पुष्पाबाई त्यांच्याकडे न बघता एवढंच बोलली, "देवीनी मूठ शे. वाया कशी जाऊ देऊ?" दाराच्या आत भिकुबाई जमिनीवर बसली होती आणि तिचं तिलाच कळत नव्हतं की आपण हसतो आहोत की रडतो आहोत.

दिवेलागणीला तिने दार उघडलं तेव्हा पुष्पाबाई दारातच उभी होती.

"मोठी माय, तू माले फसाडं."

"हां बेटा. फसाडं."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. लोटनला काय करावं सुचेना, तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

एकदा पदर मागे गेला तो गेला. गाव थोडे दिवस बोललं आणि मग दुसऱ्या कुणाबद्दल बोलायला लागलं. भिकुबाई रोज काहीतरी निमित्त काढून घरात राहायची आणि ओट्यावरचा घास पुष्पाबाईला घेऊ द्यायची; मागून त्याचं ताट विसळताना त्यात उरलेला तुकडा तोंडात टाकायची आणि मगच आपलं ताट घ्यायची. फावल्या वेळात तिला एकेक सांगायची. थंडीत त्याचा कान दुखतो, तो सांगत नाही, पण डोकं एका बाजूला धरतो. दाढ दुखली की एकाच बाजूने चावतो. वीज कडाडली की त्याला बैलांच्या गोठ्यात बसू दे, बाहेर ओढू नकोस. न्हाव्याकडे लोटनने हात धरावा. पुष्पाबाई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधेच विचारायची, "आनि कुत्रासले भ्यास का?" भिकुबाई म्हणायची, "काया कुत्राले भ्यास." काळा सोडून बाकीच्यांचं त्याला काही नव्हतं.

दिवाळी झाली आणि तिला घास गिळवेना झाला. तेव्हा तिने गाठोडं बांधलं. लोटन रागावला, म्हणाला, आजारी माणूस घर सोडून जातं का? भिकुबाईने त्याला समजावलं. मी इथे असले तर त्याला आज ना उद्या माझीच आठवण होणार, माझ्यापुढे ताट आणणार. मला गिळता येणार नाही, मग तोही खाणार नाही. मी समोर मेले तर मेलेल्या माणसाला कोण आऽऽ करायला लावणार? उखर्डू चारा टाकायला गोठ्यात गेला होता तेवढ्यात ती पारोळ्याच्या गाडीत बसली. त्याच्या तोंडावरून हात फिरवावा असं तिच्या फार मनात होतं. फिरवला असता तर ती गेली नसती.

ताईबाईचं घर किल्ल्याच्या मागच्या आळीत. ताईबाई विधवा, एकटी, बहिणीवर जीव टाकणारी. तिने पातळ पेज केली, मुगाची खिचडी केली, ताकात कुस्करून भाकर दिली. भिकुबाई बोटाने कालवायची आणि ताट सरकवून द्यायची. ताईबाईला वाटलं दुखणं वाढलं. भिकुबाईलाही तसंच वाटलं.

बाजाराच्या दिवशी लोटन दारात आला. भुईमुगाची गाडी घेऊन आला होता.

"मोठी माय, भाऊबी उना शे. गाडीजोडे बठेल शे. भेटाले चाल."

ती ताईबाईच्या खांद्यावर हात टाकून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून गाडी दिसत होती. सोडलेल्या बैलांशेजारी, जू जमिनीला टेकलं होतं तिथे, उखर्डू बसला होता. दाढी केलेली होती. अंगात धुतलेला सदरा होता, कानाला मफलर बांधला होता. थंडी पडली म्हणून पुष्पाबाईने बांधला असणार.

त्याने मांडीवर फडकं सोडलं. आत कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी होत्या. वरच्या भाकरीची कड एका जागी तुटलेली होती, दातांनी तोडलेली. गाडी निघण्यापूर्वी पुष्पाबाईने त्याच्यासमोर घास घेऊन, आऽऽ करून मगच भाकर बांधून दिली होती. उखर्डूने भाकर फिरवून ती जागा शोधली, तिच्यावर अंगठा ठेवून पाहिली, आणि मग निवांतपणे खायला लागला. इकडे तिकडे पाहिलं नाही. कुणाची वाट पाहिली नाही.

"हाक मारू का?" लोटनने विचारलं.

भिकुबाईने नको म्हणून मान हलवली. तिला हेच हवं होतं. यासाठीच तिने कडी लावली होती, गाव सोडलं होतं. ते मिळालं होतं, पुरतं मिळालं होतं, आणि तिच्या छातीत असं काही तुटलं की तिला खालीच बसावं लागलं. माझ्याशिवाय खातो, माझं पोर माझ्याशिवाय खातं, असं ती पुटपुटत राहिली. ताईबाईने तिला उठवून घरी आणलं. लोटन पाया पडून, डोळे पुसत गाडीकडे गेला.

ताईबाईने ताट वाढलं. ताकातली भाकर, मऊ, गिळायला सोपी. भिकुबाईने तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच थांबला. तिने पुन्हा करून पाहिलं, हात पुन्हा थांबला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे एकट्या दुखण्याचं नव्हतं. उखर्डू झाल्यापासून तिच्या पोटात पहिला घास गेला होता तो त्याच्या ताटातला. त्याच्यानंतरच ती आपलं ताट घ्यायची. स्वतःच्या ताटाला पहिल्यांदा हात कसा लावायचा, हेच ती विसरून गेली होती. त्याची सवय मोडायला तिने एवढी उस्तवार केली. आपली मोडायची राहिली, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ताई, माले खावायास नही," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. "त्यानी शिकी लिधं. माले येस नही."

ताईबाई पुढे सरकली, भिकुबाईच्या ताटातला एक तुकडा मोडला, आपल्या बोळक्या तोंडात घातला, चघळला, गिळला. आणि बहिणीसमोर तोंड उघडलं.

"हाई दख. मी खादं. आते तू खाय."

भिकुबाईने पाहिलं, आणि पहिला घास घेतला.